लिफ्टच्या दोन तारखा

कामाला बसल्यापासून तिसऱ्या दिवशी मुंगीला पहिली जोडी सापडली.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी जमिनीवर मुंग्यांची रांग दिसली की ही बया तिच्या मागे मागे रांगत जायची आणि रांग जिथून सुरू होते ते भोक सापडेपर्यंत जेवायलाही उठायची नाही. आता ती चोवीस वर्षांची होती, पदार्थविज्ञानातली मोठी पदवी हातात होती, पण खोड तीच. एखादी गोष्ट कुठून सुरू झाली हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

काम होतं आईबाबांचा प्रोग्राम साफ करण्याचं. बावीस वर्षांपूर्वी त्या दोघांनी मिळून लिफ्टच्या देखभालीसाठी तो लिहिला होता. कुठल्या इमारतीतली कुठली लिफ्ट कधी तपासायची, कुठल्या मेकॅनिकने जायचं, दोर कधी बदलायचा, दाराचा पट्टा कधी, हे सगळं तो ठरवायचा. शहरातल्या बाराशे लिफ्ट त्याच्या भरवशावर वरखाली करत होत्या. आता एक मोठी कंपनी तो घेणार होती. त्यांच्या माणसांनी आठवडाभर कोड वाचला आणि हात टेकले. यात घोडं कुठे पेंड खातं तेच आम्हांला कळत नाही, असं त्यांनी जवळजवळ याच शब्दांत कळवलं. एकच काम अनेक ठिकाणी लिहिलेलं आहे, साध्या गोष्टी अवघड करून ठेवल्या आहेत, सहा आठवड्यांत हे निस्तरून द्या, मग पुढचं बोलू.

आईबाबा वेगळे झाले त्याला तीन वर्षं झाली होती. बाबा जुन्याच घरात राहिले. आई नदीपलीकडे दोन खोल्यांत राहायला गेली. टायरच्या दुकानावरचं ऑफिस मात्र दोघांचं होतं तसंच राहिलं: सकाळी आई यायची, दुपारी बाबा. दोघांचं टेबल एक, खुर्ची एक, फक्त खुर्चीची उंची दिवसातून दोनदा बदलायची.

"हे काम मी करते," असं मुंगीने दोघांना वेगवेगळ्या फोनवर सांगितलं आणि दोघंही खूश झाली. आई म्हणाली, "बरं झालं, घरातल्या घरात होईल." बाबा म्हणाले, "तुझ्याइतकं चिवटपणे कोण वाचणार ते." खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कोडचा कुठला भाग ठेवायचा आणि कुठला काढायचा हे दोघांना विचारल्याशिवाय ठरणार नव्हतं. म्हणजे दोघांना एका खोलीत, एका टेबलाशी, एका पडद्यासमोर बसावं लागणार होतं. एक दिवस नाही, पाच-सहा दिवस तरी. ज्या कामावरून त्यांचं जमलं होतं त्याच कामात पुन्हा डोकी घालून बसली की कदाचित... यापुढचं वाक्य ती मनातही पुरं करत नसे, पण झोपेतून उठवून विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं: मला त्या दोघांना परत एकत्र आणायचं आहे.

ते तिला स्वतःचं काम वाटत होतं, त्याला कारण मावशी. तीन वर्षांपूर्वी मावशी फोनवर म्हणाली होती, "तुमच्या घरात कधी भांड्याला भांडं लागलेलं मी ऐकलं नाही गं. तू शिकायला गेलीस आणि मधला दुवाच निखळला." मावशी बोलून विसरली. मुंगीने ते वाक्य वसतिगृहाच्या खोलीत नेलं, परीक्षांना नेलं, पदवीदान समारंभालाही नेलं. समारंभाला आई एका बाजूला बसली होती, बाबा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खुर्चीवर दोघांच्या पिशव्या.

तर ती पहिली जोडी.

सारखे भाग शोधणारं एक साधन असतं. ते सगळा कोड चाळतं आणि जिथे जिथे तेच काम दोनदा केलेलं दिसेल तिथे पिवळा रंग लावतं. मुंगीने ते चालवलं आणि पडदा हळदीसारखा पिवळा झाला. पहिली जोडी होती 'पुढची तारीख' ठरवण्याची. एखादी लिफ्ट आज तपासली, तर पुन्हा कधी तपासायची? हे काढणाऱ्या दोन फाइल्स होत्या. एकीत आधी दहा शंका आणि मग हिशोब, ही आईची. दुसरीत सरळ हिशोब आणि शंका शेवटी, ही बाबांची. नाव न वाचताही कुणाचं अक्षर ओळखावं तसं मुंगीला ते ओळखू आलं. उत्तर दोन्हींचं तेच यायचं. फरक एकाच ठिकाणी होता. तपासणीचा दिवस सुट्टीचा निघाला तर आईची फाइल तारीख सुट्टीच्या अलीकडे ओढायची आणि बाबांची पलीकडे ढकलायची.

आणि या दोघींच्या मधे तिसरी फाइल होती. तिचं नाव 'पूल'.

दोन तारखांमधली एक निवडायची, एवढंच त्या पुलाचं काम. त्याला तीन ओळी पुरतात. इथे नऊशे होत्या. लिफ्ट दवाखान्यातली असेल तर आईची तारीख घ्या. पण इमारत दहा मजल्यांच्या वर असेल तर बाबांची. पण मेकॅनिक रजेवर असेल तर पुन्हा आईची. पण तो मेकॅनिक मागच्या वेळीही रजेवर असेल तर बाबांची. प्रत्येक 'पण' आधीच्या 'पण'ला खोडत गेलेला. मुंगीने तो आलेखाच्या कागदावर काढायला घेतला. चार कागद चिकटपट्टीने जोडावे लागले आणि तरी एक फांदी टेबलाखाली लोंबत राहिली. मग तिने बाराशे लिफ्टच्या मागच्या दहा वर्षांच्या तारखा त्या पुलावरून सोडून पाहिल्या. कुठूनही आत शिरा, कितीही वळणं घ्या, बाहेर पडताना प्रत्येक वेळी दोनांतली आधीची तारीखच हातात यायची. एकदाही वेगळं नाही. नऊशे ओळींचा तो सगळा द्राविडी प्राणायाम शेवटी तीन ओळींचंच काम करत होता.

अशा एकूण एकेचाळीस जोड्या निघाल्या. दोराची झीज दोनदा मोजलेली, मेकॅनिकची वाट दोनदा आखलेली, साधी गजराची वेळसुद्धा दोनदा.

ऑफिसच्या पुढच्या खोलीत लिफ्टमामा बसायचा. तो वीस वर्षं मेकॅनिक होता. पाठ धरल्यापासून तक्रारीचे फोन घ्यायचा. मुंगी त्याच्यासमोर जाऊन बसली.

"मामा, एका लिफ्टच्या दोन तारखा येतात?"

"तारखा कसल्या, चिठ्ठ्याच दोन यायच्या. एक ताईंची, एक साहेबांची. मागून तो पूल का काय ते झालं, मग एक यायला लागली."

"मग दोन यायच्या तेव्हा काय करायचात?"

"आधीची तारीख धरायची, नंतरची चिठ्ठी खिशात. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो आम्ही. दोर कसा बघायचा ते दुसऱ्या दिवशी."

"आणि दोन चिठ्ठ्या का, हे कुणी विचारलं नाही?"

मामाने वाजणारा फोन उचलला, "दार जोरात लावा, चालेल," असं सांगून ठेवला आणि म्हणाला, "मुंगे, नवराबायकोच्या मधे आणि लिफ्टच्या दोन दारांच्या मधे हात घालू नये. हात राहत नाही."

"कधीपासून यायच्या पण? मी शिकायला गेले तेव्हापासून?"

"छे. तुझे दात पडत होते तेव्हा. एक दात काडेपेटीत घालून मला दाखवायला आणला होतास. 'मामा, याचं मूळ कुठेय,' म्हणालीस."

मामाच्या आठवणी म्हणजे बारदानात भरलेले सुटे भाग, सगळी वर्षं एकत्र. मुंगीने त्या विश्वासाने घेतल्या नाहीत. पण कोडची गोष्ट वेगळी असते. कोडमधली प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली, कधी खोडली, याची नोंद आपोआप होत राहते, आणि तिथे कुणाच्याच आठवणीला विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिने बावीस वर्षांच्या नोंदी काढल्या आणि आलेख मांडला. आडवी रेघ वर्षांची, उभी फाइल्सची. आईची प्रत्येक ओळ म्हणजे निळा ठिपका, बाबांची हिरवा.

पहिली सात वर्षं निळं-हिरवं असं मिसळलेलं होतं की लांबून रंगच ठरत नव्हता. एकाच फाइलवर एकाच दुपारी चार मिनिटांच्या अंतराने दोघांचे हात फिरले होते. कोडमध्ये माणसांसाठी टिपा लिहायची सोय असते. यंत्र त्या वाचत नाही, ओलांडून जातं. त्या टिपा मुंगीने पहिल्यांदाच वाचल्या.

"इथे चुकतंय बघ," हिरवं.

"कुठे?" निळं.

"तिसऱ्या ओळीत, शहाणे."

"ती ओळ तुझी आहे."

"मग बरोबर असेल."

मुंगी एकटीच हसली. शेजारच्या खोलीतून मामाने, "काय झालं?" विचारलं, तिने, "काही नाही," म्हटलं आणि पुढे वाचत गेली. एका टिपेत नुसतं 'दूध' लिहिलं होतं आणि खाली 'आणलं'.

मग पंधरा वर्षांपूर्वीचा एक मंगळवार आला.

नोंदींवरून तिने जुळवलं ते असं. एका वृद्धाश्रमातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत एक आजी होत्या, चाळीस मिनिटं. तपासणी सुट्टीमुळे पुढे ढकललेली होती. बाबा तेव्हा गावाला गेलेले. आईने त्यांच्या फाइलमधली सुट्टीची ओळ बदलली, तारीख अलीकडे आणली. तिचं बरोबर होतं. मंगळवारी बाबा परतले, त्यांनी ओळ पूर्वीसारखी केली आणि फाइलच्या माथ्यावर टीप लिहिली: 'या फाइलला हात लावण्याआधी विचारावे.' दोन तासांनी तिच्याखाली निळ्यात एकच शब्द: 'बरं.'

पुढच्या सोमवारी आईने 'पुढची तारीख' नावाची स्वतःची वेगळी फाइल सुरू केली. त्या दिवसानंतर बाबांच्या एकाही फाइलमध्ये निळा ठिपका नव्हता. आईच्या एकाही फाइलमध्ये हिरवा नव्हता. आलेखावर त्या सोमवारपासून दोन स्वच्छ पट्टे निघाले होते, एक वर, एक खाली, आणि कागदाच्या टोकापर्यंत तसेच गेले होते.

पंधरा वर्षांपूर्वी मुंगी नऊ वर्षांची होती.

तिने पेन्सिल खाली ठेवली. नववं वर्ष तिला चांगलं आठवत होतं. तिला कुणी तुझं बालपण कसं होतं असं विचारलं की ती नवव्या वर्षापासूनच सांगायला लागायची. झोपताना बाबा एक गोष्ट सांगायचे, ते गेले की थोड्या वेळाने आई यायची आणि दुसरी सांगायची. वर्गातल्या मैत्रिणींना एकच गोष्ट मिळायची. गृहपाठ दोनदा तपासला जायचा. कंपासपेट्या दोन, सायकलीची हेल्मेटं दोन, दंतवैद्याकडे जायची आठवण दोनदा. समुद्रावर गेले होते तेव्हा सकाळी बाबांनी तिला पोहायला नेलं आणि आई खोलीत वाचत बसली. संध्याकाळी आई शिंपले गोळा करायला घेऊन गेली तेव्हा बाबा झोपले होते. परत आल्यावर तिने मावशीला फुशारकीने सांगितलं होतं की आम्ही दिवसातून दोनदा समुद्रावर गेलो.

ती स्वतःला श्रीमंत समजत आली होती.

मावशीचं म्हणणं खोटं ठरलं होतं, पुराव्यासकट. हे तिच्या जाण्याने झालं नव्हतं; ती गेली तेव्हा ते अकरा वर्षं जुनं होतं. डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. पण ते ओझं होतं तोवर त्याची एक सोयही होती. आपल्यामुळे बिघडलं असेल तर आपल्याला ते दुरुस्तही करता येईल. आता तेही हातातून गेलं.

तरी मुंगीच ती. संध्याकाळपर्यंत तिने रांगेचं दुसरं टोक शोधलं. त्या सोमवारनंतर निळं आणि हिरवं एकत्र असलेली एकच फाइल होती, ती म्हणजे पूल. आई एक 'पण' घालायची, आठवड्याने बाबा त्यावर दुसरा घालायचे. अकरा वर्षांत तीनशे बारा वेळा. म्हणजे बोलणं बंद नव्हतं. भांडण म्हणा, पण ते एकमेकांशीच होतं, आणि इतकं चिकाटीचं होतं. ज्या माणसाचं आपल्याला काही पडलेलं नाही त्याच्यासाठी कुणी नऊशे ओळी लिहीत नाही. शेवटच्या चार वर्षांत पुलावर एकही ठिपका नव्हता, हे तिला दिसलं होतं. काम पुरं झालं असेल, असं ठरवून ती पुढे गेली.

शनिवारी दुपारी बैठक ठरली. तिने दोघांकडून सहा दुपारी मागून घेतल्या होत्या. खुर्च्या मांडताना तिने दोघांच्या खुर्च्या एकाच बाजूला ठेवल्या, पडद्याकडे तोंड करून, आणि स्वतःची आडवी.

आई आधी आली. बाबा पाच मिनिटांनी, जिना चढून दम लागलेला.

"गुडघा कसा आहे?" आईने विचारलं.

"सूज उतरलीय. तुझं ते खोकल्याचं?"

"गेला खोकला. नवीन डॉक्टर चांगले आहेत. नंबर हवा तर देते."

"दे की."

मुंगीने याची तयारीच केली नव्हती. लहानपणापासून ती 'बाबांना सांग' आणि 'आईला विचार' यांच्यामधे पळत आली होती. आज तिला निरोप्याचं काम करावं लागेल, मग हळूहळू ती बाजूला सरकेल आणि ती दोघं थेट बोलू लागतील, असा तिचा बेत होता. ती दोघं तर पहिल्याच मिनिटाला थेट बोलत होती, बसथांब्यावर रोज भेटणाऱ्या माणसांसारखी.

तिने मुद्दाम सगळ्यांत अवघड जोडी पहिली काढली. पडद्याच्या डावीकडे आईची फाइल, उजवीकडे बाबांची.

"पुढची तारीख. सुट्टी आली तर आईची अलीकडे आणते, बाबांची पलीकडे नेते. कुठली ठेवायची?"

"तिची ठेव," बाबा म्हणाले.

"बघा तरी नीट."

"काय बघायचं? तिचं बरोबर आहे. सुट्टीच्या आधीच तपासायला हवी लिफ्ट. तेव्हाच बरोबर होतं."

मुंगीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं उशिरा का होईना, ते वाक्य आलं होतं. आई चष्मा पुसत होती.

"नियम माझा घे," ती म्हणाली, "पण आतली मांडणी बाबांची ठेव. मी फार शंका काढून ठेवल्यात. त्याचं सुटसुटीत असतं."

"चालेल," बाबा म्हणाले. "पुढचं?"

दोन मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या जोडीला एक मिनिट लागलं. दोराची झीज बाबांची ठेवली, आई म्हणाली म्हणून. मेकॅनिकची वाट आईची ठेवली, बाबा म्हणाले म्हणून. आपला तो बाब्या असं दोघांपैकी एकालाही वाटत नव्हतं. पाचव्या, सहाव्या, नवव्या जोडीला मुंगी एकेकाला डिवचून पाहत होती. "बाबा, यावर तुम्ही तीन महिने घालवलेत, नोंद आहे." "असतील," बाबा म्हणाले. "तरी हिचं जास्त चांगलं आहे." "आई, बाबांनी तुझी पद्धत न विचारता उचललीय इथे." "उचलू दे की, त्याच्याकडे ती नीट बसलीय," आई म्हणाली.

चौदाव्या जोडीत बाबांच्या फाइलमध्ये एका आकड्याला 'ढेकूण' असं नाव दिलेलं निघालं.

"हे काय रे?" आई म्हणाली.

"तेव्हा घरात ढेकूण झाले होते. गाद्या गच्चीत टाकल्या होत्या, आठवतं?"

"आणि तू दोन रात्री इथे टेबलावर झोपलास."

"तीन."

दोघं हसली. हसू लांबावं म्हणून मुंगीने पुढची जोडी उघडलीच नाही. ते हसू ओळखीच्या कुणाच्या तरी घरी जुना अल्बम चाळताना येतं तसं होतं, आणि तसंच ते संपलं. आईने चष्मा लावला. "हं, पुढे."

साडेतीनला एकेचाळिसावी जोडी झाली. सहा दुपारींचं काम दीड तासात उरकलं. मुंगीने शेवटी पूल उघडला.

"काढून टाक," दोघं एकदमच म्हणाली.

"वाचा तरी."

"कशाला?" आई म्हणाली. "आता एकच तारीख राहिली ना, मग पुलाचं काय काम?"

मुंगीने बावीस वर्षांचा तो आलेख टेबलावर पसरला. तिला तो दाखवायचा नव्हता. तिने तो फार वेगळ्या क्षणासाठी राखून ठेवला होता. निळे-हिरवे ठिपके, आणि मधली ती एकच फाइल. "तीनशे बारा वेळा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो तिला उतरवता येत नव्हता. "तीनशे बारा वेळा तुम्ही दोघांनी यात हात घातलाय. अकरा वर्षं. आणि आज दीड तासात तिचं बरोबर, त्याचं बरोबर. मग दोनदोनदा लिहिलंत कशाला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. वर्गात उत्तर दुसऱ्याला जास्त चांगलं येतं हे माहीत असलेला विद्यार्थी पाहतो तसं.

"तेव्हा फरक पडायचा गं," आई म्हणाली.

खालच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. पंप बंद झाला.

"मावशी म्हणाली होती, मी शिकायला गेले म्हणून तुम्ही..."

"तुझ्या मावशीच्या जिभेला हाड नाही," आई म्हणाली. "कधी म्हणाली ती असं?"

"तीन वर्षं झाली."

"आणि तू तीन वर्षं हे घेऊन फिरतेस?" आईने तिचा हात धरला. "तू होतीस म्हणून इतकं चाललं, मुंगे. तुझ्यामुळे मोडलं नाही. तुझ्यामुळे चाललं."

"तू गेल्यावर आम्ही वाट पाहिली," बाबा म्हणाले. ते आलेखाकडे बघत बोलत होते, बोट पुलासमोरच्या शेवटच्या चार वर्षांच्या पांढऱ्या जागेवर. "वाटलं, घरात आता दोघंच आहोत, तर काहीतरी होईल. निदान एकदा कडाक्याचं भांडण होईल. मी मुद्दाम तिच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून ठेवली होती."

"माहितीय," आई म्हणाली.

"तिने काहीच म्हटलं नाही."

"मी बघितली. ठीक वाटली. राहू दिली. तेव्हाच मला कळलं."

मुंगीने ती ओळ पाहिलेली नव्हती. निळ्या पट्ट्यातला एक हिरवा ठिपका, इतका बारीक की आलेख काढताना पेन्सिलीच्या टोकाखाली गेला असणार. ती भांडणाचा पुरावा शोधत राहिली होती, आणि हे दोघं त्याच्याही पलीकडे केव्हाच पोचले होते.

"तुला काय वाटलं होतं?" बाबांनी हळूच विचारलं. "सहा दुपारी मागितल्यास तेव्हा?"

"काही नाही. काम जास्त आहे असं वाटलं."

दोघांनीही ते मानल्यासारखं केलं. आईने पर्स उचलली. बाबांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, "सोडू का पलीकडे?" विचारलं. आई म्हणाली, "नको, थेट बस आहे." मग दोघांनीही मागे वळून मुंगीला जेवायला बोलावलं, आईने आपल्याकडे, बाबांनी आपल्याकडे. ती म्हणाली, येते नंतर. जिन्यावरून दोघांची पावलं एकत्र उतरली, बाबांची गुडघ्यामुळे एकेक पायरी थांबत, आणि आईचीही त्यांच्याबरोबर थांबत. खाली गेल्यावर ती दोन दिशांना गेली.

अंधार पडायला अजून वेळ होता. मुंगीने काम सुरू केलं. प्रत्येक जोडीतली एक फाइल ठेवली, एक काढली. आईच्या एकवीस गेल्या, बाबांच्या वीस. मग पूल काढला. नऊशे ओळी काढायला एक कळ पुरली. साठ हजार ओळींच्या प्रोग्रामच्या एकतीस हजार राहिल्या, आणि त्या वाचायला सोप्या होत्या. मोठ्या कंपनीची माणसं खूश झाली असती.

एवढी मोडतोड केल्यावर एक तपासणी करावीच लागते. जुन्या प्रोग्रामकडून बाराशे लिफ्टच्या पुढच्या दहा वर्षांच्या तारखा काढायच्या, नव्याकडून त्याच काढायच्या, आणि शेजारी ठेवून कुठे काही बदललं का ते मोजायचं. वीस मिनिटं लागतात. मुंगी पडद्यासमोर हात मांडीत घेऊन बसली. साफसफाई करणाऱ्याने काही बदलू नये अशी प्रार्थना करायची असते. ती उलटी करत होती. एक तरी लिफ्ट निघू दे. कुठल्या तरी जुन्या इमारतीतली, कुणाच्या लक्षात नसलेली एखादी, जिला दोघांचीही गरज होती, एकाला काढल्यावर जिची तारीख चुकली. एक निघाली तर ती उद्या दोघांना बोलावू शकली असती.

आकडे सरकत राहिले. शेवटची इमारत आली, शेवटचं वर्ष आलं. पडद्यावर उत्तर उमटलं: फरक शून्य.

एकाच मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, असं तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. तिने तपासणी पुन्हा पहिल्यापासून चालवली.